घरासाठी सेकंडहँड डेस्कटॉप घेताय? आधी प्रोसेसरचा पूर्ण नंबर विचारा

“आय-५ आहे मॅडम, एकदम फास्ट,” असं ऐकलं आणि मी साडेनऊ हजार मोजून मशीन घरी आणलं. काळं चकचकीत कॅबिनेट, पुढे निळे दिवे, स्क्रीनवर विंडोज ११. महिनाभरात मुलीच्या क्लासचा व्हिडिओ अडखळायला लागला आणि अपडेट मध्येच अडकायला लागले. शेवटी ओळखीच्या हार्डवेअरवाल्याने कॅबिनेट उघडून दाखवलं. आत आय-५ २४०० होता, म्हणजे २०११ च्या जानेवारीत बाजारात आलेला प्रोसेसर, आणि तो एका नावगाव नसलेल्या नव्या बोर्डावर बसवलेला. दुकानदार आय-५ म्हणाला होता आणि तो आय-५ होताच. पुढचा नंबर मी विचारला नव्हता.

दुसऱ्या वेळी दोन महिने माहिती काढली, मुंबईला भावाकडे जाऊन तीन दुकानं पालथी घातली आणि मग घेतलं. ते मशीन आज आमच्या कराडच्या घरात रोज सहा-सात तास चालतं. मुलीचा अकरावीचा अभ्यास, माझं मराठी टायपिंग, ह्यांचे टॅलीचे हिशेब, सगळं त्याच्यावर. जे कळलं ते क्रमाने लिहिते आहे. हे घरच्या वापरासाठी आहे: इंटरनेट, व्हिडिओ, ऑनलाइन फॉर्म, ऑफिसचं काम, प्रिंट. मोठे गेम किंवा व्हिडिओ एडिटिंग करायचं असेल तर गणित वेगळं होतं, ते इथे नाही.

१. बजेट डब्याचं नको, पूर्ण संचाचं मांडा

आपल्याकडे कॅबिनेटलाच सीपीयू म्हणतात आणि जाहिरातीतली किंमत बहुतेक वेळा तेवढ्याचीच असते. बाकीच्या वस्तू हळूहळू लागत जातात आणि ठरवलेली रक्कम कधी ओलांडली ते कळत नाही. माझा खर्च असा झाला:

- डेस्कटॉप, ८ जीबी रॅम आणि २५६ जीबी एसएसडीसह (फिरत्या हार्डडिस्कच्या जागी येणारी वेगवान डिस्क): १३,५०० रुपये
- २२ इंची जुना मॉनिटर: ४,२०० रुपये
- नवा यूपीएस: २,६०० रुपये
- नवा कीबोर्ड आणि माऊस: ७०० रुपये
- यूएसबी वायफाय: ४५० रुपये

एकूण २१,४५०. तुमच्याकडे हे आकडे वेगळे येतील. रॅम आणि एसएसडीचे भाव तर इतके वरखाली होतात की गेल्या महिन्याची किंमत धरून बसण्यात अर्थ नाही. पण प्रमाण लक्षात घ्या. एकूण पैशांतला साधारण एक तृतीयांश भाग डब्याबाहेरच्या वस्तूंना जातो. तेव्हा वीस हजार असतील तर तेरा-चौदा हजारांचंच मशीन बघायला लागा.

वायफायचा खर्च बऱ्याच जणांच्या ध्यानात येत नाही. ऑफिसांतून आलेल्या मशीनमध्ये वायफाय बहुधा नसतं, कारण तिथे सगळं केबलवर चालतं. कॅमेरा आणि माइकही नसतात. मुलांचे क्लास असतील तर माइकवाला हेडफोन धरा.

२. प्रोसेसरचा नंबर वाचायला शिका

या लेखातलं एकच काही लक्षात ठेवायचं असेल तर ते हे ठेवा. इंटेलच्या नावात आय-३, आय-५, आय-७ ही त्या त्या वर्षातली प्रतवारी आहे. मशीन किती जुनं, ते पुढचा नंबर सांगतो.

नंबर चार आकडी असेल तर पहिला आकडा म्हणजे पिढी. आय-५ २४०० दुसऱ्या पिढीचा, आय-५ ६५०० सहाव्या, आय-५ ८५०० आठव्या. नंबर पाच आकडी असेल तर पहिले दोन आकडे बघायचे: आय-५ १०४०० दहाव्या पिढीचा, १२४०० बाराव्या.

पिढीमुळे फरक किती पडतो बघा. आठव्या पिढीच्या आय-३ ८१०० मध्ये चार कोअर, म्हणजे प्रत्यक्ष काम करणारे भाग, आहेत. सहाव्या-सातव्या पिढीच्या डेस्कटॉप आय-५ मध्येही चारच होते. आठव्या पिढीच्या आय-५ मध्ये ते सहा झाले. म्हणून “आय-७ आहे” असं ऐकून पुढे जाऊ नका. आय-७ ३७७० हा २०१२ चा प्रोसेसर आहे आणि त्याच्याऐवजी मी आय-३ ८१०० घेईन.

आठवी पिढी हीच सीमारेषा का धरायची? विंडोज १० ची नेहमीची सुरक्षा अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपली. विंडोज ११ साठी मायक्रोसॉफ्टने जी यादी ठरवली आहे ती इंटेलच्या नेहमीच्या डेस्कटॉप प्रोसेसरांत आठव्या पिढीपासून सुरू होते. सोबत टीपीएम २.० नावाची सुरक्षेची सोय आणि सिक्युअर बूट लागतं. आय-५ ७५०० दिसायला फारसा जुना नाही, पण त्या यादीत नाही. इंटेलऐवजी एएमडी या दुसऱ्या कंपनीचा प्रोसेसर असलेलं मशीन मिळत असेल तर नुसत्या पिढीवर जाऊ नका, त्याचा पूर्ण नंबर मायक्रोसॉफ्टच्या यादीत शोधून बघा.

माझी फसगत झाली ती नेमकी इथे. स्क्रीनवर विंडोज ११ चालू दिसलं म्हणजे मशीन त्याला पात्र आहे असं होत नाही. तपासणी चुकवून ते जुन्या मशीनवर टाकता येतं आणि सर्रास टाकलं जातं. अशा मशीनला पुढची अपडेट मिळतील याची हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही.

नंबराच्या शेवटी अक्षर असेल तर तेही विचारा. ‘टी’ म्हणजे कमी वीज खाणारा आणि थोडा हळू (आय-५ ८५०० ची मर्यादा ६५ वॉट, ८५००टी ची ३५ वॉट). घरकामाला तो चालतो. ‘एफ’ असेल, जसं ९४००एफ, तर त्यात ग्राफिक्स नसतं आणि वेगळं कार्ड लागतं. घरासाठी तो नको.

बजेट अगदीच कमी असेल तर एक रास्त वाट आहे. सहाव्या-सातव्या पिढीचं चांगलं मशीन स्वस्तात घ्या आणि त्यावर विंडोजच्या जागी चालणारं लिनक्स मिंट टाका. ते मोफत आहे, त्याला सुरक्षा अपडेट मिळतात, लिबरऑफिस आणि ब्राउझर व्यवस्थित चालतात, मराठी टायपिंगही होतं. आमच्याकडे टॅली आहे आणि ते विंडोजवरचं, म्हणून आम्हाला ही वाट घेता आली नाही. ज्यांचं सगळं काम ब्राउझरमध्ये होतं त्यांनी जरूर विचार करावा.

३. असेंबल्ड नको, कंपनीचं ऑफिस मशीन घ्या

मोठ्या कंपन्या आणि बँका काही वर्षांनी सगळे कॉम्प्युटर एकदम बदलतात. ते लॉटने बाजारात येतात. हीच मशीन घरासाठी शोधायची. ती रोज तासनतास चालायला बनवलेली असतात, उघडायला सोपी असतात आणि एकाच मॉडेलची खूप असल्याने सुटे भाग मिळतात.

दुकानात नाव ऐकल्याबरोबर पिढीचा अंदाज यावा म्हणून हे वहीत लिहून घ्या:

- डेल ऑप्टिप्लेक्स: ३०६०, ५०६०, ७०६० आणि ३०७०, ५०७०, ७०७० ही आठव्या-नवव्या पिढीची. शेवटी ८० असेल तर दहावी. शेवटी ४० किंवा ५० असेल तर सहावी-सातवी.
- एचपी: एलिटडेस्क ८०० जी४ आणि प्रोडेस्क ६०० जी४ आठव्या पिढीची. पण प्रोडेस्क ४०० जी४ (पुस्तकाएवढं मिनी सोडून) त्याआधीच्या पिढीचं आहे, त्या मालिकेत जी५ बघावं लागतं. नुसतं जी४ ऐकून पैसे देऊ नका.
- लेनोवो थिंकसेंटर: एम७२० आणि एम९२० आठव्या-नवव्या पिढीची. एम७१० आणि एम९१० सहाव्या-सातव्या.

या नावांवरूनही फक्त अंदाजच येतो. खरा नंबर मशीन चालू केल्यावर बघायचा, कारण आतला प्रोसेसर बदललेला असू शकतो.

असेंबल्ड मशीन वाईटच असतं असं माझं म्हणणं नाही. जाणकार माणसाने चांगले भाग निवडून बनवलेलं असेल तर ते उत्तमच. पण स्वस्तातल्या असेंबल्डमध्ये जुना प्रोसेसर, एच६१ किंवा एच८१ प्रकारचा बिनकंपनीचा बोर्ड आणि वर नवं कॅबिनेट हा नेहमीचा मेळ आहे. एच६१ दुसऱ्या-तिसऱ्या पिढीचा बोर्ड, एच८१ चौथ्या पिढीचा. हे दोन शब्द ऐकले की दुसरं दुकान बघा.

आकार तीन मिळतात. टॉवर मोठा, पुढेमागे काही वाढवायचं असेल तर सोयीचा. मधला, टेबलावर आडवा ठेवता येणारा, त्याला स्मॉल फॉर्म फॅक्टर म्हणतात. बाजारात सगळ्यात जास्त हाच मिळतो आणि आमचाही हाच आहे. तिसरा पुस्तकाएवढा: डेल त्याला मायक्रो म्हणते, लेनोवो टायनी, एचपी मिनी. त्याला लॅपटॉपसारखा अडॅप्टर आणि लॅपटॉपचीच रॅम लागते. जागा आणि वीज वाचते, पण अडॅप्टर त्याच कंपनीचा आहे ना ते बघा.

डेल आणि एचपीच्या ऑफिस मशीनचा एसएमपीएस, म्हणजे आतला वीजपुरवठ्याचा डबा, बाजारात मिळणाऱ्या साध्या एसएमपीएससारखा नसतो. आकार वेगळा, जोडणीही वेगळी. तो गेला तर त्याच मॉडेलचा शोधावा लागतो. शिवाय मधल्या आकारात तो २०० वॉटच्या आसपासचा असतो. नंतर मोठं ग्राफिक्स कार्ड टाकू असा बेत असेल तर तो सोडा. त्यात कार्डही अर्ध्या उंचीचंच बसतं.

४. रॅम आणि डिस्क

एसएसडी हवीच. जुन्या फिरत्या हार्डडिस्कवर विंडोज ११ चालवण्यात रोजचा वेळ वाया जातो. २५६ जीबी घराला पुरते. फोटो आणि व्हिडिओ खूप असतील तर साठवणीसाठी दुसरी हार्डडिस्क लावता येते, टॉवर आणि मधल्या आकारात तिला जागा असते.

रॅम ८ जीबी किमान, १६ झाली तर उत्तम. आठव्या पिढीच्या या ऑफिस मशीनला डीडीआर४ लागते. “८ जीबी” म्हणजे एकच पट्टी आहे की चारच्या दोन, हे विचारा. काही मशीनमध्ये दोनच स्लॉट असतात आणि ते चार-चारने भरलेले असतील तर पुढे वाढवताना दोन्ही पट्ट्या काढून ठेवाव्या लागतात.

५. कुठे घ्यायचं

मुंबईत लॅमिंग्टन रोड, ग्रँट रोड स्टेशनजवळ. पाटीवर नाव डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग दिसेल. रविवारी बरीच दुकानं बंद असतात, फोन करूनच निघा. दिल्लीत असाल तर नेहरू प्लेस, बंगळुरूत एस. पी. रोड. पण तालुक्याच्या गावातही जुन्या मशीनचा व्यवहार करणारे विश्वासू लोक असतात आणि मशीन बंद पडल्यावर दारात येणारा माणूस जवळ असणं मोलाचं असतं. मुंबईत किंमत हजार-दीड हजाराने कमी पडली, पण जाण्यायेण्याचा खर्च आणि एक दिवसाचा खाडा धरला तर भावाचं घर तिथे नसतं तर मी कदाचित गेले नसते.

ऑनलाइन जाहिरातीतून अनोळखी माणसाकडून घेताना एक नियम कडक पाळा: मशीन डोळ्यांसमोर चालू झाल्याशिवाय एक रुपयाही पाठवायचा नाही. “लष्करात आहे, बदली झाली, सामान कुरियरने पाठवतो, आधी थोडा अ‍ॅडव्हान्स द्या,” हा फसवणुकीचा जुना आणि अजून चालू असलेला प्रकार आहे. पैसे परत देतो म्हणून कोणी क्यूआर कोड पाठवला तर स्कॅन करू नका. पैसे मिळवायला पिन कधीच टाकावा लागत नाही. फसवणूक झालीच तर लगेच १९३० या राष्ट्रीय हेल्पलाइनवर फोन करा, जितका उशीर तितकी पैसे थांबण्याची शक्यता कमी.

६. बघायला जाताना सोबत काय न्यायचं

- एक पेनड्राइव्ह, त्यात प्रोसेसर दाखवणारा सीपीयू-झेड आणि डिस्क तपासणारा क्रिस्टलडिस्कइन्फो हे दोन मोफत प्रोग्राम (न बसवता चालणाऱ्या आवृत्त्या मिळतात)
- दुसरा ८ जीबी किंवा मोठा पेनड्राइव्ह, लिनक्स मिंट टाकलेला. मशीनमध्ये काहीच टाकलेलं नसेल तर त्यावरून चालू करून बघता येतं
- वायरचा हेडफोन
- मोबाइल, इंटरनेट चालू असलेला
- ओळखपत्राची प्रत. काही दुकानदार बिलासाठी मागतात
- वही, मॉडेलची यादी आणि तुमची वरची किंमत लिहिलेली

निघण्याआधी फोनवर सांगून ठेवा: “आम्ही येईपर्यंत मशीन चालू करू नका.” गार मशीन पहिल्या झटक्यात चालू होतं का, हे बघणं महत्त्वाचं आहे. काही दोष तापल्यावर दिसतात, काही गार असतानाच.

७. तपासणी: अर्धा तास द्या, घाई करू नका

पहिलं बाहेरून. मागच्या बाजूचे पोर्ट आणि स्क्रू बघा. मुंबईच्या आणि कोकणाच्या खाऱ्या, दमट हवेत राहिलेल्या मशीनवर तिथे गंज दिसतो. बाहेर गंज असेल तर आत बोर्डावरही असण्याची शक्यता धरा. मग झाकण उघडायला सांगा. ऑफिस मशीनचं झाकण एका खटक्याने निघतं, त्यामुळे “उघडता येत नाही” हे उत्तर मानू नका. धूळ असली तर हरकत नाही, ती ब्लोअरने जाते. बोर्डावर छोटी नळकांडी असतात, म्हणजे कपॅसिटर, त्यांची डोकी सपाट हवीत. फुगलेली दिसली तर ते मशीन सोडा.

आता चालू करा आणि लगेच बायोसमध्ये, म्हणजे विंडोज सुरू होण्याआधीच्या मशीनच्या सेटिंगमध्ये जा. डेलला एफ२, एचपीला एफ१०, लेनोवो थिंकसेंटरला एफ१ दाबत राहायचं. पासवर्ड मागितला तर तिथेच थांबा. “नंतर काढून देतो” यावर विसंबू नका, काही मशीनमध्ये तो काढणं फार कटकटीचं असतं. तारीख-वेळ चुकलेली असेल तर बोर्डावरचा सीआर२०३२ हा बटण सेल संपलेला असतो. तो स्वस्तात मिळतो, त्यासाठी चांगलं मशीन नाकारू नका, दुकानदाराकडून बदलून घ्या.

विंडोज सुरू झाल्यावर कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबा. टास्क मॅनेजर उघडतो. त्यात परफॉर्मन्सच्या पानावर प्रोसेसरचं पूर्ण नाव, रॅम किती, किती स्लॉट भरलेले, डिस्क एसएसडी आहे की हार्डडिस्क, सगळं दिसतं. इथला नंबर दुकानदाराने सांगितलेल्या नंबराशी ताडून बघा. सीपीयू-झेडमध्येही तोच यायला हवा.

मग क्रिस्टलडिस्कइन्फो. वर मोठ्या अक्षरात डिस्कची तब्येत येते, शेजारी ती किती तास चालली ते. हे आकडे वहीत लिहून ठेवा. तास जास्त असले म्हणून घाबरू नका, ऑफिसातली डिस्क दहा हजार तास चालली असली तर नवल नाही. हार्डडिस्क असेल तर यादीत “रीअलोकेटेड सेक्टर्स” आणि “करंट पेंडिंग सेक्टर्स” या दोन ओळी शोधा. शेवटच्या रकान्यातले आकडे हेक्स पद्धतीने येतात, ते वाचता आले नाहीत तरी सगळी शून्यं आहेत का एवढं बघा. शून्य नसेल तर डिस्क बदलून मागा. एसएसडी बिनकंपनीची असेल तर तिच्या जागी नावाजलेल्या कंपनीची टाकायला सांगा आणि फरकाचे पैसे द्या. माझ्या मते असे पैसे देण्यात नुकसान नाही.

त्यानंतर एक १०८०पी व्हिडिओ पूर्ण स्क्रीनवर लावा आणि मागे चार-पाच टॅब उघडे ठेवा. वीस मिनिटं चालू द्या. या वेळात प्रत्येक यूएसबीमध्ये पेनड्राइव्ह घालून बघा, एकही पोर्ट सोडू नका. पुढचा आणि मागचा हेडफोनचा जॅक, लॅनची केबल असेल तर तिचा दिवा. पंख्याचा आवाज ऐका. एकसारखा घोंगावणारा आवाज चालतो, खरखर चालत नाही. वीस मिनिटांत मशीन आपोआप बंद झालं किंवा पुन्हा सुरू झालं तर कारण काहीही सांगोत, ते घेऊ नका. मी दुसऱ्या दुकानातलं मशीन याच कारणाने सोडलं. दुकानदार सॉकेट सैल आहे म्हणाला. असेलही, पण ते ठरवायला माझ्याकडे दुसरी संधी नव्हती.

मॉनिटरसाठी थोडक्यात: १९२० गुणिले १०८० चा घ्या, पूर्ण पांढरं आणि पूर्ण काळं चित्र लावून ठिपके आणि डाग बघा. जोडणीचं पोर्ट जुळतं का ते आधी पाहा. जुन्या मॉनिटरला बहुधा व्हीजीए असतं, या मशीनना डिस्प्लेपोर्ट. अडॅप्टर घ्यायचा तर दिशा सांगा: डिस्प्लेपोर्टमधून व्हीजीएकडे, किंवा मॉनिटरला एचडीएमआय असेल तर एचडीएमआयकडे. उलट दिशेचा घेतला तर चित्र येत नाही आणि मशीन बिघडलं असं वाटतं.

८. विंडोज खरं आहे का

सेटिंग्जमध्ये सिस्टिम, त्यात अ‍ॅक्टिव्हेशन. “डिजिटल लायसन्सने अ‍ॅक्टिव्हेट झालं” असं लिहिलेलं हवं. तुमच्या संस्थेच्या अ‍ॅक्टिव्हेशन सेवेतून चालू झालं, अशा अर्थाचं वाक्य असेल तर सावध व्हा. घरगुती ग्राहकाची कोणती संस्था? असं विंडोज ठरावीक काळाने पुन्हा त्या सेवेला विचारायला जातं आणि उत्तर मिळालं नाही की अ‍ॅक्टिव्हेशन मागायला लागतं.

ब्रँडेड ऑफिस मशीनचा इथे फायदा होतो. मशीन मूळ विंडोजसह विकलेलं असेल तर त्याची चावी बोर्डातच असते. दुकानदाराने टाकलेलं सगळं पुसून तुम्ही स्वतः नव्याने विंडोज टाकलं, इंटरनेट जोडलं आणि ते आपोआप अ‍ॅक्टिव्हेट झालं तर काळजी मिटली. हे घरी करायचंच आहे, पुढे सांगते.

९. बिल आणि टेस्टिंग वॉरंटी

जुन्या मालाला सात, पंधरा किंवा तीस दिवसांची टेस्टिंग वॉरंटी मिळते. काही दुकानं सहा महिने किंवा वर्षही देतात. तोंडी नको, बिलावर लिहून घ्या. बिलावर या गोष्टी हव्यात:

- दुकानाचं नाव, पत्ता, तारीख
- मशीनचं मॉडेल आणि सिरीयल नंबर (डेलला त्याला सर्व्हिस टॅग म्हणतात, सात अक्षर-आकड्यांचा)
- प्रोसेसरचा पूर्ण नंबर, रॅम, डिस्क
- वॉरंटीचे दिवस, आणि बिघडल्यास पैसे परत की वस्तू बदलून
- विंडोजचं लायसन्स मूळ आहे, असं एक वाक्य

सर्व्हिस टॅग डेलच्या वेबसाइटवर टाकला की मशीन मूळ कोणत्या भागांसह बनलं आणि वॉरंटी कधी सुरू झाली ते दिसतं. दुकानात उभ्याउभ्या मोबाइलवर होतं. बिलाला नकार देणाऱ्याकडून कितीही स्वस्त मिळालं तरी घेऊ नका. चोरीचा माल निघाला तर तुमच्याकडे दाखवायला काहीच उरत नाही.

१०. घरी आणल्यावर

आधी वीज. लॅपटॉपला बॅटरी असते, डेस्कटॉपला नाही. तीन पिनांच्या आणि अर्थिंग असलेल्या सॉकेटमध्येच लावा. कॅबिनेटच्या पत्र्याला हात लावल्यावर मुंग्या आल्यासारखं वाटलं तर अर्थिंग नाही असं समजा, मशीन बंद करा आणि वायरमनला बोलवा. दोन पिनांचा कन्व्हर्टर लावून तिसरी पिन चुकवू नका.

यूपीएस ६०० व्हीए चा पुरतो. लाईट गेल्यावर फाइल सेव्ह करून मशीन नीट बंद करायला वेळ मिळतो, त्यासाठीच तो असतो. त्यावर काम करत बसू नका आणि प्रिंटर त्याला जोडू नका. घरात इन्व्हर्टर असेल तर आधी त्याच्यावर यूपीएस मोड असं बटण आहे का बघा. साध्या मोडमध्ये लाईट गेल्यावर बदल व्हायला जो क्षण लागतो तेवढ्यात डेस्कटॉप बंद पडतो. आमच्याकडे लोडशेडिंगच्या दिवसांत हे बटण बदललं आणि तो त्रास संपला.

मग विंडोज नव्याने टाका. मायक्रोसॉफ्टच्या वेबसाइटवरून मीडिया क्रिएशन टूल घेऊन पेनड्राइव्ह तयार होतो. टाकताना जुने सगळे भाग पुसा. आधीच्या मालकाचं किंवा दुकानाचं काहीही मशीनवर राहू नये, कारण याच मशीनवर तुम्ही बँकेचा पासवर्ड टाकणार आहात. सुरुवातीच्या पडद्यावर एखाद्या कंपनीचं नाव येऊन तिथला लॉगिन मागितला, तर ते मशीन अजून त्या कंपनीच्या यंत्रणेत नोंदलेलं आहे. फोटो काढा आणि टेस्टिंग वॉरंटीत परत करा. स्वतः करणं जमणार नसेल तर ओळखीच्या माणसाकडून करून घ्या, पण समोर बसून.

मराठीसाठी वेगळं काही विकत घ्यावं लागत नाही. सेटिंग्जमध्ये भाषा म्हणून मराठी जोडली की इन्स्क्रिप्ट (मराठी अक्षरांची ठरलेली मांडणी) आणि फोनेटिक (इंग्रजी अक्षरांच्या उच्चारावरून मराठी) दोन्ही कीबोर्ड मिळतात. नवशिक्याला फोनेटिक लवकर जमतो. मी इन्स्क्रिप्ट शिकले आणि तोच सुचवेन, कारण एकदा बोटांत बसला की विंडोज, लिनक्स, मोबाइल सगळीकडे तोच. घरात कोणी टायपिंगच्या परीक्षेचा सराव करत असेल तर परीक्षेत कोणता कीबोर्ड लागतो ते क्लासमध्ये आधी विचारा, आणि जुन्या मशीनसोबत फुकट मिळालेल्या कीबोर्डवर सराव नको, त्याची बटणं झिजलेली असतात.

टेस्टिंग वॉरंटी संपण्याच्या दोन दिवस आधीचा गजर मोबाइलमध्ये लावून ठेवा. तोपर्यंत मशीन रोज तीन-चार तास चालवा, एकदा दुपारच्या उन्हातही, घर तापलेलं असताना. प्रिंटर, वायफाय, हेडफोन सगळं एकदा तरी लावून बघा. गजर वाजला की क्रिस्टलडिस्कइन्फो पुन्हा उघडा आणि पहिल्या दिवशी वहीत लिहिलेल्या आकड्यांशी ताडून बघा. चाललेले तास वाढलेले असणारच, पण बाकी कशात बदल दिसला तर बिल घेऊन त्याच दिवशी दुकानात जा.